श्रद्धा खरोखर हरवू द्या

रसिकहो, संत गोरोबाकाकांच्या तेरमध्ये अध्यक्ष म्हणून उभे राहायचे आणि गुळमुळीत बोलायचे, हे मला जमणार नाही.

मराठीत ख्रिस्ती कादंबरी म्हटली की आपण ‘प्रचार’ असा शेरा मारून मोकळे होतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत तिचे नाव लिहायचे आणि ती उघडायची मात्र नाही. विधवांचे हाल त्या काळी इतक्या धीटपणे कोणी मांडले होते? २०२० साली आपल्याच जिल्ह्याच्या गावी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला नाव गोरोबाकाकांचे आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या लेखनावर बोलण्याऐवजी त्यांच्या झग्यावर गदारोळ झाला. ही आपली रसिकता!

पण माझे भांडण ख्रिस्ती लेखकांशीही आहे. इतिहासाची पार्श्वभूमी, ताटातूट झालेले प्रेमी, एखादे रहस्य आणि हरवलेल्या श्रद्धेचा शोध, असा ऐवज हाती असताना तुम्ही नायकाला अर्धे पान शंका घेऊ देता. पुढच्या पानावर पाद्री येतो, वचन सांगतो, शंका संपते. शेवटी बाप्तिस्मा होणार हे वाचकाला पहिल्या प्रकरणातच कळते. मग जीव टांगणीला लागणार कसा?

कसा लागतो ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पाहा. १८९३ साली आगगाडीत एक युरोपीय प्रवासी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवतो आणि सांगतो, दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील. १० फेब्रुवारी १८९५ला टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेतात. इकडे बायकोच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या, पायाखालची जमीन सरकते. नवरा जिवंत आहे, त्याच्यावर जीव आहे आणि तरीही तो परका झाला आहे. पुढे ती त्याच्याकडे जाते, पण तिचे सोवळे सुटलेले नसते. एका छपराखाली दोन धर्म नांदतात. काय होणार, हे तिलाही ठाऊक नाही. आधी तिच्या मनातून जात गळते. माणसामाणसांतला हा भेद माणसानेच केला असेल तर आपण तो का पाळायचा, असे तिला वाटते आणि कोणाच्याही हातचे पाणी ती घेऊ लागते. ख्रिस्त त्यानंतर येतो, १९००मध्ये. तिचा धर्म कोणी वाद घालून जिंकलेला नाही. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती नसलेल्यालाही धरून ठेवते. ते आत्मचरित्र आहे हे मला मान्य, पण इतकी अस्सल प्रेमकथा आपल्या किती कादंबऱ्यांत आहे?

आणि तेरकरांनो, तुमच्याकडे काय कमी आहे? चिखल तुडवताना नामात दंग झालेल्या गोरोबांच्या पायाखाली तान्हे मूल गेले. कीर्तनात आपण तिथून थेट मूल परत मिळाल्याच्या चमत्काराकडे धावतो. मध्ये ती आई उभी आहे. लाल झालेला चिखल तिच्या डोळ्यांसमोर आहे. ती नवऱ्याला बोलते, विठ्ठलालाही बोलते आणि ‘मला शिवाल तर विठ्ठलाची आण’ म्हणून बजावते. ज्या देवावर ती चिडली, त्याचीच आण घालते! लोककथेने तिचा राग झाकला नाही. आपले लेखक मात्र असा राग दिसला की प्रकरण आवरते घेतात.

हेच गाव म्हणजे जुने तगर. इथले कापड गाड्यांवर लादून भरूच बंदरात जाई आणि तिथून समुद्रापार, असे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात नोंदलेले आहे. लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा मांडून ठेवल्या आहेत. ऐतिहासिक कादंबरीला विषय मिळत नाही, ही तक्रार निदान या मंडपात कोणी करू नये.

तेव्हा माझी मागणी रोकडी आहे. समीक्षकांनी ‘यमुनापर्यटन’ आधी वाचावी, शेरा नंतर मारावा. ख्रिस्ती लेखकांनी आपल्या नायिकेला देवाशी भांडू द्यावे आणि भांडण मिटेपर्यंत पाद्र्याला दाराबाहेर थांबवावे. आणि या गावच्या वाचनालयाने ‘स्मृतिचित्रे’ कपाटातून काढून पोरींच्या हातात द्यावे, याच महिन्यात.