लेकरांना वाचावयास कसे शिकवावे?

(समाजाच्या वार्षिक संमेलनात कफ परेड मच्छीमार नगर येथे केलेले भाषण)



संमेलनात शिक्षणावर भाषण व्हावयाचे म्हणजे ते दहावी-बारावीच्या गुणवंतांवर व्हावयाचे, असा आपला आजवरचा प्रघात आहे. पारितोषिके मांडलेली असतात, आईबाप पुढच्या रांगेत बसलेले असतात आणि वक्त्याने चार उत्तेजनाचे शब्द बोलावेत अशी अपेक्षा असते. आम्ही आज हा प्रघात मोडणार आहोत. आमचा विषय इयत्ता पहिली-दुसरीतील लेकरांचा आहे. जे मूल दुसरीत वाचण्यात मागे पडले, ते बहुधा या व्यासपीठापर्यंत येतच नाही. आणि आले नाही म्हणून त्याची विचारपूसही कोणी करीत नाही.

वाचन म्हणजे केवळ परीक्षेची बाब असती, तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. परंतु २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी ज्या किनाऱ्यावर उतरले तो आपलाच किनारा, हे कोणास सांगावयास नको. त्यानंतर समुद्रात जाणाऱ्यास ओळखपत्र आले, तपासणी आली आणि कागद वाढले. किनाऱ्यावरील बांधकामांचे नकाशे येतात, हरकती मागविणाऱ्या नोटिसा येतात, नुकसानभरपाईचे अर्ज येतात. वाऱ्याची दिशा ज्यास डोळे मिटून कळते असा तांडेल अशा कागदापुढे परक्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. त्याच्या नातवाने तरी तसे उभे राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलास वाचावयास शिकवावे ते अक्षरापासून की शब्दापासून? हा वाद आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश या गृहस्थांनी एक पुस्तक लिहून मोठे वादळ उठविले. मुलांना अक्षरांचे ध्वनी न शिकविता अख्खे शब्द चित्रासारखे पाठ करावयास लावतात, म्हणून त्यांना वाचता येत नाही, असा त्यांचा आरोप होता. १९६७ साली जीन चॉल या विदुषींनी उपलब्ध संशोधन तपासून ध्वनी पद्धतशीर शिकविण्याच्या बाजूने कौल दिला. पुढे २००० साली तेथील राष्ट्रीय समितीनेही तोच निष्कर्ष काढला. वाद मात्र पुरता मिटला नाही. मूल जसे ऐकून बोलावयास शिकते, तसेच गोष्टींच्या सहवासात राहून वाचावयासही शिकते, असे मानणारा पक्ष तेथे बराच काळ प्रबळ होता.

आपल्याकडे गोष्ट नेमकी उलट आहे. इंग्रजीचे स्पेलिंग बेभरवशाचे. आपली देवनागरी बहुतांशी जसे लिहावे तशी वाचली जाणारी. मग आपली मुले का अडखळतात? याचे उत्तर बाराखडीत आहे. चौतीस व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तर चारशे आठ आकृत्या होतात, जोडाक्षरे निराळीच. या आकृत्या आपण मुलाकडून गाण्यासारख्या म्हणवून घेतो. क, का, कि, की असे मूल न चुकता म्हणते आणि आजी कौतुकाने मान डोलविते. त्याच मुलासमोर ‘की’ हे एकटे अक्षर ठेवा, म्हणजे ते मनातल्या मनात पहिल्यापासून गाणे म्हणू लागते. ते वाचत नाही, मोजते. त्यातून ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची अक्षराच्या आधी आणि उच्चारावयाची नंतर! ‘क कमळाचा’ यानेही निराळाच घोटाळा होतो; क दिसला की कित्येक मुले ‘कमळ’ असेच म्हणतात. ‘ण बाणाचा’ येथे तर ण शब्दाच्या शेवटी जाऊन बसला आहे. आणि आपल्या व्यवसायातलेच उदाहरण द्यावयाचे तर ‘जाळे’ आणि ‘जहाज’ या दोन्ही शब्दांत पहिला ज आहे. पण दोन्ही म्हणून पाहा, जिभेची जागा निराळी. मुलास हे कोणी सांगत नाही. त्याने ते आपोआप ओळखावे अशी अपेक्षा असते.

बाराखडी टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती शेवटी यावी, आरंभी नको. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषींनी आपल्याकडील गरीब वस्तीतील मुलांना शिकविता शिकविता याच मार्गाने काम केले. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापिली व १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. सर्व व्यंजने आधी आणि सर्व काने-मात्रे मागाहून, हा क्रम त्यांनी सोडला. थोडी अक्षरे आणि एखाददुसरी खूण एकत्र घ्यावी व त्यांतून लगेच अर्थाचे शब्द वाचू द्यावेत, हे त्या पद्धतीचे सार. आम्ही घरी बसून आपल्यापुरता एक प्रयोग करून पाहिला. ज, ळ, ह, व, र ही पाच अक्षरे, एक काना आणि एक मात्रा. एवढ्यात हवा, वारा, जाळे, जहाज, वेळ, राजा हे शब्द होतात. ‘वारा हवा, जहाज हवे’ असे वाक्यदेखील होते. कोळ्याच्या मुलास पहिल्या पंधरवड्यात एवढे वाचता आले, तर छापलेल्या कागदातून आपल्या ओळखीचे काही बाहेर येते हे त्यास कळेल. तेवढे कळले की पुढचे अर्धे काम झाले.

यापुढचा भाग नाजूक आहे. आपल्या घरात होडीस ‘होरी’ म्हणतात, पाण्यास ‘पानी’, डोळ्यास ‘डोला’, आणि ‘मला’ याऐवजी ‘मना’. मूल पुस्तकातील ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हणाले तर ते चुकले काय? आमच्या मते मुळीच नाही. त्याने अक्षरे ओळखली, अर्थ धरला आणि तो आईच्या भाषेत सांगितला. ‘मला’ पाहून ‘मना’ म्हणणारे मूल तर एक प्रकारे भाषांतरच करीत असते. ल कोठे आहे ते त्यास हळूच दाखवावे, रागावू नये. परंतु तेच मूल ‘होडी’ हा शब्द पाहून, वरच्या चित्राच्या आधारे ‘बोट’ असे म्हणाले, तर मात्र आपण सावध व्हावे. ते वाचन नव्हे, तो अंदाज आहे; चित्र झाकले की तो अंदाज बुडतो. पहिल्या मुलास शिक्षा आणि दुसऱ्यास शाबासकी, असा न्याय वर्गावर्गांतून चालतो. घरी आपणही तेच करतो, कारण ‘पानी’ ऐकले की आपल्यालाच संकोच वाटतो. हा संकोच टाकावयास हवा. ओहोटी-भरतीचे शब्द, मासळीची शंभर नावे, वाऱ्याच्या जाती हे भांडार ज्या मुलापाशी आहे, त्याची भाषा कमी कशी?

मुले शाळेत येईनात तेव्हा ताराबाई मोडक रडत बसल्या नाहीत. दादरच्या हिंदू कॉलनीत १९३६ साली त्यांनी शिशुविहार उभारला होता; १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डीस, म्हणजे आपल्यासारख्याच किनाऱ्यावरच्या गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथून पुढे आला. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच विचाराची देणगी. पुढे कोसबाडला वारली मुलांत काम करताना घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर त्यांच्यापुढे रोजच उभे असे.

परंतु केवळ अक्षरओळख म्हणजे वाचन नव्हे, हेही सांगितले पाहिजे; नाहीतर आम्ही फ्लेशसाहेबांचे चेले ठरू. वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीरला २०११ ते २०१६ या काळात प्राथमिक वर्गांतील मुलांच्या वाचनाचा दीर्घ अभ्यास झाला. मुले काने-मात्रे व जोडाक्षरे यांतच अडखळत होती, आणि वर्गाचा बहुतेक वेळ अक्षरे गिरविण्यात जाऊन गोष्टीच्या अर्थावर बोलणे फार थोडे होत होते, असे त्यात दिसले. म्हणजे अक्षरही पक्के नाही आणि अर्थही नाही! ‘असर’ची पाहणी ग्रामीण भागाची असते, त्यामुळे आपले नगर तीत येत नाही, तरी देशाचे चित्र पाहावे. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ साली शेकडा २७.३ होते, कोविडनंतर २०२२ साली २०.५ झाले आणि २०२४ साली पुन्हा २७.१ वर आले. चार मुलांतून एक, असे धरा.

इंग्रजी माध्यमाविषयी आम्ही थोडेच बोलू, कारण त्यावर आपल्यात भांडण लवकर होते. आईबापांनी कोणते माध्यम निवडावे हा त्यांचा अधिकार आहे. मात्र घरात जी भाषा कोणीच बोलत नाही तिचे शब्द मूल केवळ आकृतीवरून पाठ करते, आणि मराठी पाटीही त्याला वाचता येत नाही, अशी दुहेरी अडचण आपल्या अनेक घरांत आहे. निदान मराठी वाचन तरी घरी पक्के व्हावे.

आता मागणे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पुरुष मंडळी घरी असतात, जाळी विणण्याचे काम अंगणात चालते, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडतात. या काळात रोज सायंकाळी पाऊण तास संस्थेच्या सभागृहात पहिली ते तिसरीच्या मुलांचा वाचनवर्ग चालवावा, असा ठराव आम्ही मांडीत आहोत. आरंभी प्रत्येक मुलाची चार पायऱ्यांनी चाचणी घ्यावी: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. मूल ज्या पायरीवर असेल तेथून पुढे न्यावे. वय वा इयत्ता पाहू नये. वर्गाचा शेवटचा भाग आजींचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी आपल्या बोलीत गोष्ट सांगावी, महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलींनी ती मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी वाचावी. पहाटे ससून डॉकला वा भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या भगिनींकडून आम्ही अधिक काही मागत नाही. टोपली उतरल्यावर मुलाने वाचलेली एक ओळ ऐकून घ्या, एवढेच.

खर्चाचे म्हणाल तर पारितोषिकांच्या निधीतून चौथा हिस्सा या वर्गासाठी काढावा लागेल. गुणवंतांच्या ढाली थोड्या लहान होतील, यावरून कार्यकारिणीत मतभेद आहेत हे आम्हास ठाऊक आहे. पाट्या, मोठ्या अक्षरांची कार्डे आणि गोष्टींची पुस्तके यांची यादी खजिनदारांकडे दिली आहे. शिकवावयास तयार असणाऱ्यांनी आपली नावे आजच, सभा उठण्यापूर्वी, दाराजवळच्या वहीत लिहावीत.