नाका नसलेली जकात



‘जकात’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं नाका येतो. रस्त्यात आडवा केलेला बांबू, थांबलेल्या ट्रकांची रांग आणि खिडकीत बसून पावत्या फाडणारा कारकून. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी, जीएसटी आला त्या दिवशी बंद झाली. राज्यातल्या इतर शहरांतून ती त्याआधीच गेली होती. शब्द तेवढा भाषेत राहिला. आमच्या घरात हाच शब्द वेगळ्या अर्थानं बोलला जातो. वर्षभर साठून राहिलेल्या पैशाअडक्याचा चाळिसावा भाग गरजूंना द्यायचा, ती जकात. तिथं नाका नाही आणि कारकूनही नाही. ज्याचा हिशेब त्यानं करायचा, आपल्या हातानं द्यायचं. मूळ शब्द अरबी, फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला आणि इथं सरकारी महसूल होऊन बसला.

एक जकात नाक्यावर घेतली जाते, दुसरी माणूस आपणहून देतो. आज मी ज्या वादाबद्दल बोलणार आहे त्याचं मूळ याच दोन रीतींमध्ये आहे. वाद अमेरिकेतला. तो पन्नास वर्षं चालला. घरबसल्या मागवलेल्या मालावरचा विक्रीकर कोणी गोळा करायचा, हा प्रश्न होता. आधी टपालानं आलेल्या मालाबद्दल आणि पुढं इंटरनेटवरून घेतलेल्या मालाबद्दल.

अमेरिकेत आपल्यासारखा देशभराचा एक जीएसटी नाही. विक्रीकर राज्यांचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी शहरं, जिल्हे त्यात आपली भर घालतात. ४५ राज्यांत हा कर आहे. दुकानदार तो गिऱ्हाइकाकडून घेतो आणि सरकारात भरतो. दुकान आणि गिऱ्हाईक एकाच राज्यात असेपर्यंत काही अडत नाही. पण दुकान एका राज्यात, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यात आणि मध्ये फक्त पोस्टमन, असं झालं म्हणजे?

मिसूरी राज्यात नॅशनल बेलास हेस नावाची एक कंपनी होती. ती घरोघरी कॅटलॉग पाठवून माल विकायची. शेजारच्या इलिनॉय राज्यानं तिला सांगितलं, आमच्या लोकांना विकता, तर आमचा करही गोळा करून द्या. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की ज्या राज्यात कंपनीचं दुकान नाही, गुदाम नाही, नोकरमाणूस नाही, त्या राज्याला तिच्यावर अशी सक्ती करता येणार नाही. १९९२ साली हाच प्रश्न पुन्हा आला. क्विल ही कचेऱ्यांना लागणारं सामान विकणारी कंपनी. नॉर्थ डकोटा राज्यात तिची सुमारे ३,००० गिऱ्हाइकं होती आणि वर्षाला जवळपास १० लाख डॉलरची विक्री होती; तिच्या मालकीचं तिथं काय होतं, तर गिऱ्हाइकांना दिलेल्या काही फ्लॉपी डिस्क. एवढ्यानं कंपनी तिथं ‘हजर’ ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं आणि जुना नियम कायम राहिला. अमेरिकी संसदेला वाटल्यास तिनं कायदा करावा, असंही न्यायालयानं सुचवलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, अ‍ॅमेझॉनची स्थापना झाली. पुढं काय झालं ते आपण सारे जाणतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेटवरची खरेदी करमुक्त आहे, असं कित्येक अमेरिकनांना वाटायचं. तसं कधीच नव्हतं. विक्रेत्यानं कर घेतला नाही, तर गिऱ्हाइकानं तेवढीच रक्कम ‘वापर कर’ म्हणून स्वतः राज्याला द्यायची, असा कायदा विक्रीकर असलेल्या राज्यांत होताच. न्यू जर्सीत आपली इतकी मराठी घरं आहेत. तिथल्या राज्याच्या आयकर फॉर्मवर यासाठी वेगळी ओळसुद्धा आहे. पण ती इमानदारीनं भरणारे किती? बहुतेकांना असा काही कर असतो हेच ठाऊक नव्हतं. नाका उठला होता, जकात उठली नव्हती.

याचा मार कोणाला बसला? समोरच्या दुकानदाराला. मी कवी माणूस, म्हणून पुस्तकाच्या दुकानाचं उदाहरण घेतो. दुकानदार भाडं देतो, दिवे लावतो, नोकर ठेवतो. गिऱ्हाईक येतं, तासभर उभं राहून पुस्तक चाळतं, दुकानदाराला चार प्रश्न विचारतं आणि घरी जाऊन तेच पुस्तक संगणकावर मागवतं. तिथं सवलत असते ती असतेच, वर सहा-सात टक्के कराचा फरक. दुकानदारानं ठरवलं तरी त्याला हा कर सोडता येत नाही. धंद्यात चढाओढ असायचीच. पण शर्यतीत एकाच्याच पाठीवर सरकारनं पोतं ठेवावं, याला चढाओढ कसं म्हणायचं? आणि त्या करातून चालतात त्या शाळा, ते रस्ते ऑनलाइन घेणाराही वापरतो. त्याचं पार्सल त्याच रस्त्यावरून येतं.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. अमेरिकेत विक्रीकर लावणारे घटक १०,००० हून अधिक आहेत. प्रत्येकाचे दर आणि नियम वेगळे. न्यू जर्सीत लोकर स्वेटर विणायला घेतली तर कर नाही, कलाकुसरीला घेतली तर आहे. इलिनॉयमध्ये शेजारी शेजारी मांडलेल्या दोन चॉकलेटांपैकी एकात पीठ आहे म्हणून ते अन्न आणि दुसऱ्यात नाही म्हणून ती मिठाई, कर निरनिराळा. ही उदाहरणं माझी नाहीत, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी आपल्या निकालपत्रात दिलेली आहेत. मोठ्या कंपनीला हे जमेल. घरात बसून दहा गावांना माल पाठवणाऱ्या बाईनं काय करायचं?

राज्यांनी आपापल्या परीनं वाटा शोधल्या. न्यूयॉर्कनं २००८ मध्ये कायदा केला, की राज्यातल्या संकेतस्थळांना दलाली देऊन गिऱ्हाईक मिळवता, म्हणजे तुम्ही इथं हजरच आहात. कॅलिफोर्नियात अ‍ॅमेझॉननं २०१२ पासून कर गोळा करायला सुरुवात केली. २०१३ मध्ये सिनेटनं ६९ विरुद्ध २७ मतांनी देशासाठी कायदा मंजूर केला, पण प्रतिनिधिगृहात तो पडून राहिला.

शेवटी निकाल लागला तो साउथ डकोटा या लहानशा राज्यामुळं. तिथं राज्याचा आयकर नाही, त्यामुळं सगळी भिस्त विक्रीकरावर. बुडणारी रक्कम वर्षाला ४ कोटी ८० लाख ते ५ कोटी ८० लाख डॉलर असावी, असा राज्याचा अंदाज होता. २०१६ मध्ये त्यानं कायदा केला. वेफेअर आणि आणखी दोन ऑनलाइन कंपन्यांशी तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २१ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी राज्य जिंकलं. विक्रेता राज्यात हजर असण्याची जुनी अट गेली. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी निकाल लिहिला. रॉबर्ट्स विरोधी बाजूला होते. जुना नियम चुकीचा होता हे त्यांनाही मान्य होतं, पण तो बदलणं संसदेचं काम, असं त्यांचं म्हणणं. पुढं विक्रीकर असलेल्या एकेका राज्यानं असे कायदे केले. मिसूरीचा कायदा सर्वांत शेवटी, १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. ज्या राज्यातल्या कंपनीपासून १९६७ चा नियम निघाला, तेच शेवटी उरलं होतं.

मला त्या कायद्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. राज्यात वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री किंवा २०० सौदे, एवढा धंदा असणाऱ्यावरच साउथ डकोटानं बंधन घातलं. मागची वसुली केली नाही. २०० सौद्यांची अट तर २०२३ मध्ये काढूनच टाकली. म्हणजे ज्याला ओझं पेलतं त्याच्यावर ते ठेवायचं आणि लहानाला वगळायचं.

आपल्याकडं जीएसटीमुळं ‘कर कुठला’ हा प्रश्न बराच सुटला. माल जिथं पोचतो त्या राज्याला कराचा वाटा मिळतो. पण लहान विक्रेत्याचं दुखणं आपल्याकडंही होतं. माल विकणाऱ्या दुकानदाराला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मात्र कापडी पिशव्या शिवणारी एखादी बाई मोठ्या संकेतस्थळावरून एक पिशवी विकू म्हणाली, तरी तिला नोंदणीची सक्ती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहानांना यातून सूट मिळाली. पिशवी बेळगावला पाठवायची, तर नोंदणी हवीच.

आता राहतो तो वापर कर. एक जकात लोक घरात बसून, कोणी न मागता मोजतात आणि दुसरी कायद्यात लिहिलेली असूनही कोणी भरत नाही, असं का व्हावं? पहिलीतही चुकवणारे असतात, नाही असं नाही. पण देणाऱ्याला ती कुठं जाते ते दिसतं. गल्लीतली विधवा, शिकणारा पोरगा, अडचणीत आलेला नातेवाईक. वापर कर भरणाऱ्याला काही दिसत नव्हतं. शिवाय शेजारी भरत नाही हे त्याला ठाऊक होतं. सगळे चुकवत असताना एकट्यानंच भरायचं म्हणजे आपण खुळे ठरलो असं माणसाला वाटतं. कायद्यानं प्रामाणिक माणसावर ती वेळ आणू नये. कर लावायचा असेल तर तो सगळ्यांकडून घेता येईल असा लावावा, नाहीतर लावू नये.

छापील पुस्तकावर आपल्याकडं जीएसटी नाही, बरं का. तेव्हा निदान पुस्तक घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायला हरकत नसावी. तिथं चाळलंत तर तिथंच घ्या.