ओंकारची आई



साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरणीचं काय काम, हा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला इथून स्पष्ट दिसतो आहे. मलाही तो पडला होता. गोळ्यांबद्दल बोलणार नाही, एवढं मी आयोजकांना आधीच कबूल केलं आहे. मी मूळची जळगावकडची. १९८९ साली लग्न झालं, ताप्ती लाईनच्या गाडीनं सुरतेपर्यंत आणि तिथून बडोद्याला आले, ती इथलीच झाले. ट्रंकेत पुस्तकं तीनच होती : 'ऑर्गॅनन', मटेरिया मेडिका आणि 'बहिणाबाईंची गाणी'. पहिली दोन पोटासाठी. आज तिसऱ्याबद्दल बोलते.

बहिणाबाई चौधरींचं चरित्र तुम्हाला पाठ आहे. १८८० साली असोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. सोपानदेवांची आई म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या चरित्रात एक वाक्य आहे, त्याच्यावरून आपण सगळेच भरकन पुढे जातो. बहिणाबाईंना सोपान, काशी आणि ओंकार अशी तीन मुलं. ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं होतं.

एवढंच. एक वाक्य. मीसुद्धा कॉलेजात असताना ते वाचलं आणि पान उलटलं. पुन्हा वाचलं ते २००८ साली, आणि तेव्हा मात्र पान उलटता आलं नाही. का, ते सांगते.

माझे धाकटे दीर, आमचे भावजी, माझ्याच वयाचे आहेत. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. उभं राहता येत नाही, हात मनासारखे वळत नाहीत, बोलणं अस्पष्ट. बुद्धी मात्र माझ्यापेक्षा तल्लख. क्रिकेटचे आकडे विचारून बघा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई त्यांचं सगळं करत होत्या आणि पुढं एकोणीस वर्षं करत राहिल्या. म्हणजे एकूण पंचेचाळीस वर्षं. आणि त्याच्याबरोबर चार माणसांचा स्वयंपाक, सोवळं-ओवळं, सूर्यास्ताआधी जेवणं, पाहुणे. आणि क्रोशा.

त्यांच्या हातचा क्रोशा आजही अकोट्यात आणि दांडिया बाजारात बऱ्याच घरांत असेल. रुखवतातले रुमाल, ताटावरच्या जाळ्या, टीव्हीवरची झाकणं (टीव्ही सपाट झाले आणि ती बिचारी बेकार झाली). मी नवी होते, दवाखान्याचा तोरा होता. मला वाटे, बाईंना एवढा वेळ कुठून मिळतो?

वेळ मिळत नव्हता, हे समजायला मला फार वर्षं लागली. त्या क्रोशाच का करत, हेही तेव्हाच समजलं. एरवी त्यांना शिवणाची हौस होती. माहेरून आणलेलं शिवणयंत्र माळ्यावर पडून होतं. बघा, शिवण मध्येच सोडून पळालं की कपडा वाकडा जातो. पापडाच्या लाट्या थांबत नाहीत, सुकतात. कुरडयांचा चीक तर मुळीच थांबत नाही. रांगोळीवरून चाकाची खुर्ची जाते. क्रोशाला मात्र हाक ऐकू आल्यावर एका क्षणात खाली ठेवता येतं. शेवटचा फास वीतभर लांब ओढून ठेवायचा, म्हणजे उसवत नाही. सासूबाईंच्या कापडी पिशवीत नेहमी असा एक लांबवलेला फास असायचा. अपंग माणूस घरात असलेली बाई आपली कला आवडीनुसार निवडत नाही. कुठल्याही क्षणी खाली टाकता येईल अशी निवडते.

आता जात्याकडे बघा. बहिणाबाईंची गाणी दळताना, घरात-शेतात राबताना झाली, हे आपण कौतुकानं सांगतो. पण जात्यावर दोन्ही हात अडकलेले असतात आणि मोकळं असतं ते फक्त तोंड. वही-दौत घेऊन बसायला ज्या बाईला अक्षर आणि आसन दोन्ही नाही, तिला गाणं हीच एक कला परवडते. बाळ रडलं, ओंकारनं हाक मारली, तर गाणं जिथल्या तिथं थांबतं. सांडत नाही, सुकत नाही. मात्र विरून जातं. ती गाणी विरली नाहीत, कारण सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली. गाणं बाईचं, वही दुसऱ्याची. ही वही धरणारी माणसं नसती तर खानदेशातल्या आणखी एका कष्टाळू विधवेपलीकडे आपल्याला काही कळलं नसतं, आणि तेवढंसुद्धा कळलं नसतं.

२००८ साली सासूबाई गेल्या. तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं सांगितलं, 'देवी होत्या.' मीही मान हलवली. मग रात्र झाली आणि देवीचं काम माझ्याकडे आलं.

मी डॉक्टर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. दीड महिन्यात भावजींच्या माकडहाडावर जखम झाली. पंचेचाळीस वर्षांत जी कधी झाली नव्हती, ती माझ्या हाताखाली झाली. सासूबाई रात्री घड्याळ न लावता उठत. मी घड्याळ लावून झोपून राहत असे. भावजींनी तक्रार केली नाही, हे मला जास्त लागलं. जखम भरायला चार महिने लागले. त्यात एक दिवस मी त्यांच्यावर ओरडलेही. शब्द सांगत नाही, पण ते मला आठवतात आणि त्यांनाही आठवत असणार.

त्याच दिवसांत ते वाक्य पुन्हा वाचलं. ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं होतं. वाक्यात क्रियापद ओंकारचं आहे. मूल उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, धुणाऱ्या बाईला त्यात क्रियापद नाही.

आमच्या शास्त्रात केस घेण्याला फार महत्त्व. तहान किती, झोप कशी, थंडी सोसते की ऊन, स्वप्नं कसली पडतात, सगळं विचारायचं. पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला एक गंमत दिसली आहे, आणि ती गंमत नाही. अपंग मुलाची आई स्वतःच्या पाठदुखीसाठी येते. मी विचारते, 'झोप कशी लागते?' ती म्हणते, 'त्याला लागली तर चांगली लागते.' 'जेवण?' 'तो मऊ भातच खातो.' मी पुन्हा म्हणते, 'अहो, तुमचं विचारते आहे.' मग ती थांबते. काहीजणींच्या डोळ्यांत पाणी येतं, काहीजणी हसतात. आणि इथंच सांगून टाकते, सेरेब्रल पाल्सी माझ्या साबुदाण्याच्या गोळ्यांनी बरी होत नाही. ती बरी करून देतो म्हणणाऱ्याला, कुठल्याही पॅथीचा असो, पैसे देऊ नका. ते पैसे फिजिओथेरपीला आणि चांगल्या गादीला लावा.

मी जैन आहे. आमच्याकडे तपाचे बारा प्रकार. त्यातल्या सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य येतं, म्हणजे साधूंची, आजाऱ्यांची सेवा. चातुर्मासात मुनिमहाराज आले की या सेवेसाठी रांग लागते, मीही त्या रांगेत असते. तीच सेवा घरात केली की तिला 'काम' म्हणतात. ठीक आहे, नाव काही द्या. पण पर्युषणात आठ उपवास करणाऱ्याला नवव्या दिवशी पारणं असतं. घरचे मूगाचं पाणी घेऊन उभे असतात, गावभर कौतुक होतं, आणि मुख्य म्हणजे उपवास संपतो. सासूबाईंच्या तपाला पारणं नव्हतं. 

म्हणून या सगळ्याला कुणी 'तोल साधणं' म्हटलं की मी हल्ली चिडते. घरकाम, कला आणि सेवा यांचा तोल एका बाईला साधत नाही. काहीतरी खाली पडतंच. सासूबाईंचं शिवण पडलं, माझी संध्याकाळची ओपीडी पडली, आणि आधी भावजींची पाठ पडली. दुसरे दोन हात आले तरच काही उचललं जातं. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे हात नव्हेत. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी येणारे हात.

आमच्याकडे ते कसे आले? भांडून. हे बँकेतून थकून येत, भावाशी दोन शब्द बोलत आणि पेपर उघडत. वाईट माणूस नव्हे. पंचेचाळीस वर्षं आईनं त्यांना त्या खोलीत काम करू दिलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी भावाला आंघोळ घातली तेव्हा दोघेही एवढे लाजले की मला बाहेर जावं लागलं. आता सकाळची आंघोळ यांची, रात्रीची एक कूस यांची, एक माझी. दुपारी चार ते सहा एक पगारी मुलगा येतो. या तासांना आम्ही हात लावत नाही. दवाखान्यातल्या दोन आयांनीही आठवड्यातून एकदा एकमेकींची मुलं दोन तास सांभाळायचं ठरवलं होतं. तीन महिने चाललं, मग एकीच्या सासूला ते पटलं नाही आणि मोडलं. दुसऱ्या दोघींचं अजून चालू आहे.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी : २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. घरच्यांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३४, पुरुषांची ७६. हे सर्वसाधारण घरांचं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पैसे न घेता सेवा करणारे आईवडील आणि कुटुंबीय यांनाही 'केअरगिव्हर' म्हटलं आहे. ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेखही आहे. आणखी एक, कारण दवाखान्यात हे दहातल्या आठ जणांना ठाऊक नसतं : बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं, आणि त्याला स्वतःचे व्यवहार समजत नसतील, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. 'माझ्यानंतर याचं काय?' हा प्रश्न रात्री दोन वाजता छळतो. दिवसाउजेडी त्याचे निदान कागद तरी करून ठेवा.

आपलं बडोदं या बाबतीत अडाणी नव्हतं. १९१४ साली महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय निघालं. बाईच्या हातच्या कामाला बाजारात किंमत असते, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. फक्त तिथपर्यंत जाण्यासाठी बाईला उंबरठा ओलांडता यायला हवा. आणि अकोट्याचं म्हणाल, तर इथं जमिनीतून निघालेल्या जैन धातुमूर्ती आपल्या म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या जीवंतस्वामींच्या मूर्तीच्या पीठावर दान देणाऱ्या श्राविकेचं नाव कोरलं आहे : नागीश्वरी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं काय दिलं, हे आपल्याला नावासकट माहीत आहे. शेजारच्या बंगल्यात कोण रात्री उठून कुणाची कूस बदलतं, ते माहीत नाही.

माहीत झालं ते पुरात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. आमच्या तळमजल्यात पाणी आलं तेव्हा चार शेजारी, त्यांतले दोघे असे की ज्यांच्याशी आमचा पार्किंगवरून अबोला होता, भावजींना गादीसकट वरच्या मजल्यावर घेऊन गेले. वीज नव्हती. तीन दिवस पाळीपाळीनं कुणी ना कुणी त्यांच्याजवळ बसत होतं. त्या तीन दिवसांत मी जेवढी झोपले, तेवढी सोळा वर्षांत झोपले नव्हते. पाणी ओसरलं, सगळे आपापल्या घरचा चिखल काढायला गेले. पण पार्किंगवाल्यांपैकी एकजण अजून रविवारी सकाळी क्रिकेटवर वाद घालायला येतो. तो येतो तेव्हा मी गच्चीत जाते.

तिथं मी सासूबाईंचा अर्धवट राहिलेला रुमाल पुढं विणते. मला फारसा येत नाही. त्यांचे टाके आणि माझे टाके वेगळे कळतात.

मागच्या हिवाळ्यात भावजी तो रुमाल बघून काही म्हणाले. त्यांचं बोलणं समजायला मला आता वेळ लागत नाही, तरी मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, 'दुपारी मी झोपायचो नाही. सोंग करायचो. आईला विणू दे म्हणून.' मी विचारलं, तिला कळत होतं का? ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, 'तीपण कळलं नाही असं सोंग करायची.'

ओंकारनं आईला गाऊ दिलं असेल का, ते चरित्रात नाही. पण आता ते एक वाक्य वाचताना मी त्या घरात ओंकारलाही जागा ठेवते.

सव्वापाच झाले. सहा वाजता मुलगा जातो आणि माझी पाळी सुरू होते. त्यामुळे प्रश्न असतील तर आत्ताच विचारा, आणि थोडक्यात.