यादीत नाव नसलेली मुलं

(दहावी १९९१ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आत्ता निवेदकानं माझी ओळख 'परदेशात नाव काढलेले आपले विद्यार्थी' अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेत 'ड' तुकडीला हसू आवरेना, ते मी इथून पाहिलं. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्यातलाच. आठवीत ऑफिसबाहेर तुकड्यांच्या याद्या लागल्या होत्या. 'अ'ची यादी मी दोनदा वाचली, मग 'ब'ची, मग 'क'ची. चौथ्या कागदावर माझं नाव सापडलं.

मला विषय दिलाय 'परदेशातील अनुभव' आणि वेळ दिलीय दहा मिनिटं. डब्लिनच्या पावसावर दहा मिनिटं सहज निघतील. पण मी रग्बीवर बोलणार आहे. फुटबॉलच्या कोल्हापुरात उभं राहून रग्बीवर बोलणं जोखमीचं आहे, हे मला ठाऊक आहे. पण आज दुपारी जेवणानंतर आपण बॅचच्या निधीचा निर्णय घेणार आहोत, आणि माझ्या मनात जे आहे ते मी याच खेळाकडे बघत शिकलो.

खेळ थोडक्यात सांगतो. एका बाजूला पंधरा जण. चेंडू लंबगोल. हातात घेऊन पुढे पळायचं, पण हातानं पास द्यायचा तो मागेच. चेंडूवाल्याला समोरच्यांनी धरून आडवं पाडायचं. कबड्डीतली पकड आठवा, फक्त धरलेला माणूस शंभर किलोचा आणि भरधाव आहे असं समजा.

आता आयर्लंड. राजकीय नकाशावर त्या बेटाचे दोन तुकडे आहेत. दक्षिणेला स्वतंत्र प्रजासत्ताक, उत्तरेचा भाग ब्रिटनकडे. पण रग्बीचा राष्ट्रीय संघ सगळ्या बेटाचा मिळून एकच. त्यामुळे राष्ट्रगीत कुठलं म्हणायचं हा प्रश्न होता. म्हणून १९९५ साली या संघासाठी वेगळं गीतच तयार करून घेतलं. सगळ्या बेटाची लोकसंख्या साधारण सत्तर लाख, म्हणजे आपला कोल्हापूर आणि सांगली जिल्हा एकत्र केला की होते तेवढी. त्यातही बरीच पोरं गेलिक फुटबॉल, हर्लिंग आणि आपल्या ओळखीच्या फुटबॉलकडे जातात. उरलेल्यांतून रग्बीचा संघ उभा करायचा. आणि या संघानं २०१६ साली शिकागोत न्यूझीलंडला इतिहासात पहिल्यांदा हरवलं, २०२२ मध्ये त्यांच्या घरी जाऊन मालिका जिंकली, २०२३ मध्ये सहा देशांच्या स्पर्धेतले पाचही सामने जिंकले.

हे जमतं कसं? बेटाचे जुने चार प्रांत आहेत: लेन्स्टर, मुन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट. प्रत्येक प्रांताचा एकच व्यावसायिक संघ. लेन्स्टर-मुन्स्टर सामना असला की आमच्या ऑफिसात पाटाकडील आणि दिलबहार शेजारी शेजारी बसल्यासारखं वातावरण असतं. पण चारही संघांची सूत्रं शेवटी एकाच राष्ट्रीय संघटनेच्या हातात. मोजक्या अव्वल खेळाडूंचा करार थेट संघटनेशी असतो. कोणी किती सामने खेळायचे, कधी विश्रांती घ्यायची, यावर तिचं लक्ष असतं. जास्त पैशांसाठी जो फ्रान्स-इंग्लंडला गेला, त्याचा राष्ट्रीय संघासाठी सहसा विचार होत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे जाणून असतात. एका प्रांतात एकाच जागेसाठी दोन चांगली पोरं असतील, तर एकाला दुसऱ्या प्रांतात जायला सुचवतात. २०१८ मध्ये जोई कार्बरी असाच लेन्स्टरहून मुन्स्टरला गेला, कारण लेन्स्टरमध्ये त्याच्या जागेवर जॉनी सेक्स्टन होता, त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडू.

आणि पोरं येतात कुठून? मुख्यतः शाळांतून. लेन्स्टरच्या शाळांचा सीनियर कप १८८७ पासून चालू आहे, अल्स्टरचा तर त्याच्याही आधीपासून. मार्च महिन्यात अंतिम सामन्याला अख्ख्या शाळा बँड, ढोल, घोषणा घेऊन मैदानावर लोटतात. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. या सामन्यांतून मुलं निवडायची, प्रांताच्या अकादमीत घालायची, तिथून वीस वर्षांखालच्या देशाच्या संघात. त्या संघानं २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये सगळे सामने जिंकून स्पर्धा मारली. यंत्र उत्तम चालतं. मी त्याचा चाहता आहे.

पण या यंत्राचं तोंड अरुंद आहे. कप गाजवणाऱ्या शाळा बहुतेक डब्लिन आणि आसपासच्या, भरपूर फी घेणाऱ्या. आणि चाळणी लागते पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जेव्हा एका पोराला मिशा फुटलेल्या असतात आणि शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो.

आमच्या घरात हा प्रश्न एका संध्याकाळी आला. माझा मुलगा तिथेच जन्मला, डिसेंबर महिन्यात. म्हणजे वर्गातल्या जानेवारीच्या पोरांहून जवळजवळ वर्षानं लहान. सातव्या वर्षापासून दर रविवारी सकाळी क्लबात जायचा. थंडीत कुडकुडत मी रेषेवर उभा राहायचो. पंधराव्या वर्षी शाळेच्या कपच्या संघाची यादी लागली. तो घरी आला, बूट दारातच ठेवले आणि म्हणाला, "बाबा, माझं नाव नाही."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बरं झालं. आता अभ्यासाला लाग."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुझी यादी लागली तेव्हा तुला घरी काय म्हणाले होते?" मला आठवलं. वडील म्हणाले होते, "ठीक आहे, सगळ्यांनाच काही डोकं नसतं." बोलणं रागाचं नव्हतं, समजूत घालायलाच म्हणाले होते. मीही समजूतच घालत होतो.

त्याच आठवड्यात क्लबच्या प्रशिक्षकाचा फोन आला. हा माणूस पेशानं प्लंबर. मुलांना शिकवण्याचे एक पैसा घेत नाही. मला वाटलं, आता काहीतरी धीर देणारं बोलेल. तो एवढंच म्हणाला, "मंगळवारी सरावाला पाठवा. आम्हाला एक जण कमी पडतोय." धीराच्या शंभर शब्दांपेक्षा पोराला ते वाक्य लागू पडलं. कुणालातरी तो कमी पडत होता.

पुढे तो मोठा खेळाडू झाला असं ऐकायची तुमची तयारी झाली असेल, तर माफ करा. तो क्लबच्या तिसऱ्या संघात खेळतो. दर शनिवारी चिखलात लोळून येतो. आणि रविवारी सकाळी सात वर्षांच्या पोरांना शिकवतो. त्या गटात त्याचा नियम एकच: प्रत्येक पोर निदान अर्धा सामना खेळलंच पाहिजे, मग हरलो तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, हे ठीक आहे, पण देशाचा संघ असल्या भावनेवर उभा राहत नाही. म्हणून तीन उदाहरणं देतो.

पहिलं, टाइग फर्लाँग. वेक्सफर्ड परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. डब्लिनच्या नामांकित शाळांशी संबंध नाही, न्यू रॉस या छोट्या गावाच्या क्लबात खेळत वाढला. प्रांतानं क्लबांतल्या मुलांसाठी वेगळी वाट ठेवली होती, त्या वाटेनं वर आला. २०१७ आणि २०२१ मध्ये चार देशांचा मिळून निवडलेला लायन्स संघ दौऱ्यावर गेला, तेव्हा प्रत्येक कसोटीत पहिल्या पंधरात तो होता. त्याच्या आधी त्याच वाटेनं टुलोचा शॉन ओब्रायन आला होता, तोही शेतकऱ्याच्या घरातला. २०११ मध्ये तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुसरा, टाइग बर्न. हा नामांकित शाळेतून अकादमीत गेला, म्हणजे यादीत नाव असलेला. पण २०१६ मध्ये लेन्स्टरनं त्याला सोडून दिलं. वेल्समधल्या एका संघानं त्याला घेतलं, तिथे त्यानं पहिल्याच वर्षी लीग जिंकून दिली, आणि २०१८ मध्ये मुन्स्टरनं त्याला परत आणलं. पुढे तो आयर्लंडच्या संघाचा आधार झाला. ज्यांनी सोडलं ते काही मूर्ख नव्हते. चोविसाव्या वर्षी माणूस कुठवर जाईल हे त्यांनाही दिसलं नाही. मग तेराव्या वर्षी आपल्याला काय दिसणार?

तिसरं उदाहरण एका अख्ख्या प्रांताचं. कॉनाक्ट म्हणजे पश्चिमेचा, गरीब, विरळ वस्तीचा भाग. संघ कायम तळाला. २००३ मध्ये पैशांची ओढाताण झाली तेव्हा संघटनेच्या मनात हा संघच बंद करायचं होतं. लोकांनी डब्लिनला संघटनेच्या दारावर मोर्चा नेला आणि संघ वाचला. तेरा वर्षांनी, २०१६ मध्ये, एडिनबरोला लीगच्या अंतिम सामन्यात त्याच कॉनाक्टनं लेन्स्टरला २०-१० असं हरवलं. रॉबी हेनशॉ तिथेच घडला. न्यूझीलंडहून आलेला बंडी आकी तिथेच रुजला आणि पुढे आयर्लंडचा झाला. 'ड' तुकडी बंद करायला निघाले होते, असं समजा.

या संघाची एक दुखरी जागाही सांगतो. विश्वचषकात आयर्लंड आजवर एकदाही उपांत्य फेरीत पोचलेलं नाही. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकाचा संघ म्हणून गेलो आणि उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून २८-२४ असे हरलो. तेव्हा सेक्स्टन अडतीस वर्षांचा होता. तो महान खेळाडू, वाद नाही. पण मोठा सामना आला की त्यालाच उतरवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. तो निवृत्त झाल्यावर दहा नंबर कुणाला, जॅक क्राउलीला की सॅम प्रेंडरगास्टला, यावरून टॅक्सीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे भांडू लागले. माझं मत असं की ही भांडणं चार वर्षं आधी व्हायला हवी होती. हुकमी पोरालाच दर वेळी पुढे केलं, तर बाकीची तयार होतील कधी? गॅदरिंगला दरवर्षी भाषण कोण करायचं, ते आठवा. तो समोरच बसलाय, आणि तो उत्तमच बोलायचा. पण दुसरं कोण बोलू शकलं असतं, हे आपल्याला कधी कळलंच नाही.

आता शाळेकडे येतो. पीटीचे सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला आठवत नसेल. तुकड्यांच्या सामन्यात 'ड'चा संघ उतरला की तुमची एक अट असायची: पंचविसाच्या पंचवीस पोरांच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय खेळ संपवायचा नाही. अंधार पडला तरी तुम्ही शिट्टी वाजवत नव्हता. एकदा शेवटचा मी राहिलो होतो. तुम्ही स्वतः चेंडू घेऊन आलात, माझ्या पुढ्यात ठेवलात आणि म्हणालात, "मार की गा, कुणाची वाट बघतोस?" सर, तो चेंडू गोलात गेला नाही. पण नंतर नोकरीच्या मुलाखतीत, परक्या देशात, जिथे जिथे पाय अडखळले तिथे मला ते वाक्य ऐकू आलं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. आपण जमवलेल्या निधीतून दरवर्षी दहावीच्या पहिल्या तिघांना बक्षीस द्यायचं, असा प्रस्ताव आहे. जरूर द्या. त्या पोरांनी कष्ट केलेले असतात. पण सगळा निधी तिथे नको. निम्मी रक्कम बाजूला काढू. संध्याकाळी शाळेचं मैदान दोन तास उघडं राहावं, आणि नववीत मागे पडलेल्या पोरांना शिकवायला एक शिक्षक थांबावेत, त्यांच्या मानधनाची सोय व्हावी. पहिल्या तिघांना बक्षीस देणारे पुष्कळ भेटतील. चौथ्या कागदावरच्या पोराला "तू आम्हाला कमी पडतोयस" असं म्हणणारं कुणी लागतं. ते काम आपल्या बॅचनं करावं, असं मला वाटतं. तुम्हाला पटलं नाही तर जेवताना माझ्याशी भांडा. तांबडा-पांढरा समोर असताना भांडायला मजा येते.

माझी दहा मिनिटं कधीच संपली आहेत. सरांनी मात्र अजून शिट्टी वाजवलेली नाही.