ब्राउझरमधलं सुरक्षित अंतर



सुरक्षित अंतर म्हणजे काय, हे तेरखेड्याला बाहेरून येऊन कुणी शिकवायची गरज नाही. इथल्या फटाक्यांच्या कारखान्यात दारू कालवायची शेड वेगळी, भरायची वेगळी, तयार माल आणखी लांब. एका शेडमध्ये ठिणगी पडली तरी शेजारची वाचावी, म्हणून. आजचा ब्राउझर याच तत्त्वावर बांधलेला आहे. पूर्वी तो तसा नव्हता, आणि आजचा विषय, म्हणजे सुरक्षितता आणि काम यांचं भांडण, त्याचं मूळ तिथेच आहे.

नव्वदच्या दशकात नेटस्केपने ब्राउझरला बाहेरचे प्लगइन जोडायची सोय केली. फ्लॅश आलं, जावा आलं. चित्रफिती, खेळ, धडे पडद्यावर हलू लागले. पण प्लगइन दिसायचं ब्राउझरच्या चौकटीत आणि चालायचं त्या चौकटीबाहेरच्या अधिकारांनी. त्यात एक भोक सापडलं की थेट संगणकात शिरता यायचं. म्हणून २००५ मध्ये इटलीच्या ज्योर्जिओ माओने यांनी फायरफॉक्ससाठी नोस्क्रिप्ट हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, काढलं. आपण परवानगी दिल्याशिवाय ते संकेतस्थळाचं स्क्रिप्ट किंवा प्लगइन चालू देत नसे.

इथून भांडण सुरू झालं. चित्रफीत लावावी तर पडद्यावर रिकामा चौकोन. त्या संकेतस्थळाला परवानगी द्यावी, तरी चौकोन तसाच. कारण पान एका ठिकाणचं, प्लेअर दुसऱ्या, चित्रफीत तिसऱ्या. प्रत्येकाला वेगळी परवानगी लागे. दोन-तीनदा पान पुन्हा उघडून माणूस वैतागतो आणि सगळंच खुलं करून टाकतो. हा वैताग मला सर्वांत धोकादायक वाटतो. हल्ला करणाऱ्याला मग वेगळे कष्टच उरत नाहीत.

आपल्याकडे याचा खरा जाच झाला तो ई-निविदांच्या वेळी. डिजिटल सहीसाठी जावा लागे. जानेवारी २०१४ मधल्या जावाच्या सुधारित आवृत्तीने सही नसलेले आणि अपुऱ्या माहितीचे, पानात चालणारे छोटे जावा अ‍ॅप्लेट अडवायला सुरुवात केली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगइन काढूनच टाकले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीचे. मग काम अडू नये म्हणून जुना ब्राउझर जपायचा, त्याचे अपडेट बंद ठेवायचे, असे उपाय रूढ झाले. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्याच संगणकावर! यात संगणक चालवणाऱ्याला दोष देणं मला मान्य नाही. काम हवं की सुरक्षितता, असा प्रश्न नागरिकापुढे टाकणारी व्यवस्थाच चुकीची होती.

फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. तरीही ‘फ्लॅश अपडेट करा’ अशी खिडकी कुठे दिसली, तर ती फसवणूक आहे हे पक्कं समजा. शाळेच्या कपाटात फ्लॅशमधले जुने धडे असतील तर सीडी फेकू नका. रफल नावाचं मोफत सॉफ्टवेअर अशा अनेक फाइली ब्राउझरच्या चौकटीत राहूनच चालवतं. इंटरनेट अर्काइव्हने २०२० पासून जुने फ्लॅश खेळ त्याच्याच आधारे जपले आहेत.

प्लगइन गेले, पण भांडण मिटलेलं नाही. सेवा केंद्रात ‘अंगठा घेत नाही’ असं आपण ऐकतो. कधी बोट झिजलेलं असतं, कधी अंगठा वाचणारं यंत्र बिघडलेलं. पण कधी कारण वेगळं असतं. ते यंत्र चालवणारा प्रोग्राम त्याच संगणकावर असतो आणि संकेतस्थळाला ब्राउझरमधून त्याच्याशी बोलावं लागतं. परक्या संकेतस्थळाने आपल्या यंत्राशी बोलू नये, म्हणून काही सुरक्षा एक्स्टेन्शन नेमकं तेच अडवतात. यंत्राचा प्रोग्राम आणि एक्स्टेन्शन, दोघंही आपापलं काम चोख करत असतात.

तेव्हा केंद्रचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. सरकारी कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात फक्त गरजेचे एक्स्टेन्शन ठेवा. काही अडलं तर काय अडवलं गेलं ते आधी पाहा, आणि सूट द्या ती त्या एकाच संकेतस्थळाला. ‘अँटिव्हायरस बंद करून पुन्हा प्रयत्न करा’ असं कुणी फोनवर सांगितलं, तर ती सूचना लेखी मागा आणि वरच्या कार्यालयाकडे पाठवा.