जुन्या ग्रामोफोनची दुरुस्ती

आपल्या अंबाजोगाईतील एका वाड्याच्या माळ्यावरून आम्ही ग्रामोफोनची पेटी विकत घेतली. मुंबईच्या चोरबाजारात चकचकीत पितळी कर्ण्याची यंत्रे मिळतात. पण त्यांतील पुष्कळांचे कर्णे नवेच असतात. आमची पेटी कर्ण्यावाचूनची, धूळ खाल्लेली, म्हणूनच भरवशाची वाटली.

चावी फिरे, थाळी फिरेना. घड्याळवाल्यांनी पेटी उघडली, तो स्प्रिंगवरील ग्रीस गोठून डांबरासारखे झालेले. डब्यात कोंडलेली ही स्प्रिंग निष्काळजीपणे सोडली तर हात कापते! ते म्हणाले, "विजेची मोटार बसवून देतो." आम्ही नको म्हटले. ज्या घरात दिवा रॉकेलचा होता तेथे हे यंत्र गायले. त्याला आता तार कशाला? मग त्यांनी ग्रीस खरवडले, गव्हर्नरला तेल दिले, साउंडबॉक्सचे कडक झालेले रबर बदलले आणि मिनिटाला ७८ फेरे मोजून दाखविले.

इथवर ठीक. सोबतच्या तबकड्यांत हिराबाई बडोदेकरांची एक होती. ती आम्ही हौसेने स्पिरिटने पुसली. तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटात विरघळते. सुताराचे पॉलिश याच दोहोंचे होते, हे ठाऊक असून ऐनवेळी सुचले नाही. आता सुई टेकविली की बराच वेळ नुसती खरखर होते. मग आतल्या बाजूस, जेथे आमचा बोळा पोहोचला नव्हता तेथे, एकाएकी बाईंचा स्वर लागतो. आम्ही तेवढाच ऐकतो.