आधी कान, मग डोळा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मूल वाचायला शिकतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आपण मोठी माणसं विसरून गेलेलो असतो. 'कागद' हा साधा शब्द घ्या. 'क'ला काना 'का', मग 'ग', मग 'द'. पहिलीतलं मूल एकेक अक्षर ओळखत शेवटापर्यंत पोहोचतं, तोवर पहिलं अक्षर त्याच्या हातून निसटलेलं असतं. कागद त्याला ठाऊक आहे. त्यानं त्याची होडी केली आहे, विमान केलं आहे. पण पुस्तकातला कागद त्याला भेटत नाही. मग पुढच्या वर्गात त्याच्या नावापुढे 'अप्रगत' असा शिक्का पडतो. तो शिक्का मूल कधी विसरत नाही.

अशी मुलं थोडी नाहीत. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा 'असर' अहवाल जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२मध्ये १६.३ टक्के होती, ती २०२४मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही चारांपैकी तीन मुलं अजून अलीकडच्या काठावर उभी आहेत. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे 'निपुण भारत' अभियानाचं २०२६-२७पर्यंतचं उद्दिष्ट आहे. चौथीपासून मूल वाचायला शिकत नाही, वाचून शिकू लागतं. ज्याला वाचता येत नाही, त्याचा भूगोलही राहतो आणि गणितातलं शाब्दिक उदाहरणही राहतं.

मी शिक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा एक माणूस आहे. पण मराठी भाषा गौरव दिन किंवा वाचन प्रेरणा दिन आला की शाळा कवीला बोलावतात, आणि त्या निमित्तानं मुलांमध्ये बसायला मिळतं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. आपण कविता शाळेत शोभेसाठी वापरतो. स्नेहसंमेलनात, परिपाठात, पाहुण्यांच्या स्वागताला. खरं तर वाचन शिकवण्याचं ते एक स्वस्त आणि हाताशी असलेलं साधन आहे.

कसं, ते सांगतो. कविता आधी कानात शिरते. चार वेळा म्हटली की तिचे शब्द मुलाच्या तोंडी बसतात. नंतर तीच कविता फळ्यावर आली, की मुलाला शब्द शोधायचा नसतो, फक्त ओळखायचा असतो. अनोळखी गावात पत्ता शोधणं आणि आपल्याच गल्लीत आपलं घर ओळखणं, एवढा हा फरक आहे. शिवाय कविता लहान असते. धड्याच्या दुसऱ्या परिच्छेदात दमणारं मूल आठ ओळींची कविता पुरी करू शकतं. 'मी सगळं वाचलं' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा म्हणण्याचा मान त्याला कविता देते. आणि तोच धडा दहा वेळा वाचायला सांगितला तर मूल कंटाळतं, तीच कविता दहा वेळा म्हणायला ते आनंदानं तयार होतं. वाचनाचा ओघ अशा आवृत्त्यांनीच येतो.

यमकाचंही असंच आहे. १९८३ साली ब्रिटनमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते शब्द नादानं जुळतात आणि कोणता जुळत नाही, हे ज्या मुलांना लवकर ओळखता येत होतं, ती पुढे वाचनात सरस ठरली. त्यातली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नुसते नादाचे खेळ खेळलेल्या मुलांपेक्षा, त्या खेळांच्या जोडीला हातात अक्षरं दिलेली मुलं अधिक पुढे गेली. म्हणजे नाद हवा, पण त्याच्याबरोबर अक्षरही हवं.

इथे आपली मराठी उदार आहे. इंग्रजीत कानाला जुळणारे शब्द डोळ्यांना जुळतीलच असं नाही. मराठीत ते बहुतेक वेळा जुळतात. फळा, मळा, गळा, शाळा हे शब्द एकाखाली एक लिहा. कानाला जे सारखं वाटतं, ते शेवटचं 'ळा' डोळ्यांनाही सारखंच दिसतं. 'ळ'ला काना दिल्यावर काय होतं, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

पण इथेच एक खड्डा आहे. एका शाळेत तिसरीतला एक मुलगा पुस्तक हातात धरून पाठ्यपुस्तकातली कविता खणखणीत आवाजात म्हणत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ जाऊन पाहिलं, तर त्याच्यासमोर भलतंच पान उघडलेलं होतं! कविता त्याला पाठ होती, वाचता येत नव्हती. पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. पाठांतराचं वाचन करायचं असेल, तर आवाज आणि अक्षर यांची गाठ घालून द्यावी लागते. ही गाठ घालायचं साधन म्हणजे आपलं बोट. आजोबा पोथी वाचताना ओळीखालून बोट फिरवतात. आमच्या घरांतली मुलं मौलवीसाहेबांपुढे कायदा घेऊन बसतात, तीही अक्षराखाली बोट ठेवूनच. जुन्या माणसांना यातलं मर्म ठाऊक होतं.

म्हणून शिक्षकांना मी एक साधा क्रम सुचवतो. पहिल्या दिवशी पुस्तक बंद. कविता म्हणा, टाळ्या वाजवा, हातवारे करा. दुसऱ्या दिवशी ती ठळक अक्षरांत फळ्यावर लिहा आणि म्हणताना प्रत्येक शब्दाखाली पट्टी फिरवा. नंतर पट्टी मुलांच्या हातात द्या. तिसऱ्या दिवशी कवितेच्या ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, त्या मिसळा आणि मुलांना लावायला सांगा. इथे पाठांतर एकटं पुरत नाही, डोळे उघडावेच लागतात. चौथ्या दिवशी तेच शब्द घेऊन नवी वाक्यं लिहा. ती वाक्यं मुलानं वाचली, तर ते खरंच वाचू लागलं आहे.

लहान मुलांसाठी मी केलेल्या चार ओळी उदाहरणादाखल ऐकवतो.

वेल म्हणाली, वेळ झाली,
काल मिटली कळी उमलली,
गालावरती दव घेऊन
माळ घालून दारी आली.

यात काव्य फार मोठं नाही, हे मला कळतं. काम मात्र मोठं आहे. वेल आणि वेळ, गाल आणि गाळ, माल आणि माळ. 'ल' आणि 'ळ' यांतला फरक ज्या मुलांच्या घरी कानावर पडत नाही, त्यांच्यासाठी त्या ओळी आहेत. मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या अनेक मुस्लिम घरांत दखनी बोलतात. दखनीत 'ळ' नाही. असं मूल मराठी शाळेत येतं आणि 'शाला' म्हणतं. वर्ग हसतो. हसलेलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही, आणि तोंड न उघडणारं मूल वाचायला शिकत नाही. त्याला दहा वेळा दुरुस्त करण्यापेक्षा सगळ्या वर्गानं मिळून दहा वेळा कविता म्हणावी. समूहाच्या आवाजात त्याचा 'ळ' हळूहळू जागेवर येतो, आणि कुणी हसतही नाही.

हे फक्त दखनीचं नाही. वारली, गोंडी, कोरकू, पावरी बोलणारी मुलंही याच दारातून आत येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरांमागे कुरणात न्यावी, हा त्यांचा विचार. मी तो भाषेपर्यंत नेऊ इच्छितो. मुलाच्या घरची गाणी शाळेत आणा. ती त्याच्याच बोलीत, देवनागरीत फळ्यावर लिहा. दखनीतला 'नक्को' मराठी 'नको'च्या शेजारी लिहिला, की मुलाला कळतं, ही दोन घरं एकाच आळीतली आहेत.

कविता निवडताना काही पथ्यं पाळावीत. ओळी छोट्या असाव्यात, जोडाक्षरं सुरुवातीला कमी असावीत, शब्द पुन्हा पुन्हा यावेत आणि गंमत असावी. गमतीला कमी लेखू नका. विंदा करंदीकरांसारख्या मोठ्या कवीनं १९६१मध्ये 'राणीची बाग' मुलांच्या हाती दिली आणि पुढेही मुलांसाठी लिहिणं सोडलं नाही. आणि कृपा करून कविता संपताच 'यातून काय बोध मिळतो?' असं विचारू नका. मुलाला विचारा, 'तुला कुठला शब्द आवडला? तो कुठे आहे, दाखव.' बोट त्या शब्दावर गेलं की आपलं काम झालं.

एकट्या कवितेनं सगळं होईल, असं मी म्हणत नाही. गोष्टीची पुस्तकं हवीत, माहिती हवी, अनोळखी गद्य वाचायची सवय हवी. कविता उंबरठा आहे. मात्र तो ओलांडल्याशिवाय घरात जाता येत नाही.

शेवटी पालकांशी, विशेषतः ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्या आयांशी बोलायचं आहे. 'मी अडाणी, मी पोराला काय शिकवणार?' असं तुम्ही म्हणता. तुमच्याकडे ओव्या आहेत, अंगाई आहेत, लग्नातली गाणी आहेत, कोडी आहेत. रोज संध्याकाळी त्यातलं एक, दोनच ओळींचं, मुलाला सांगा. ते त्याला वहीत लिहू द्या. चुका होतील, होऊ द्या. दुसऱ्या दिवशी बाई बघतील. मग त्याला म्हणा, 'आता वाचून दाखव.' त्यातला एक शब्द जरी त्यानं चुकीचा वाचला, तरी तुम्हाला लगेच कळेल, कारण ते गाणं तुमचं आहे. मुलाचं वाचन तपासायला तेवढं पुरेसं आहे.